चिटणिसाने लिहून ठेवलेली फितुरी

आमच्या नातेवाइकांच्या गटावर एक मजकूर चार महिन्यांत तिसऱ्यांदा आला. पहिल्या दोन वेळा मी अंगठा वर करून पुढे गेलो. तिसऱ्या वेळी तो इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या एका काकांनी ‘जरूर वाचा’ म्हणून पाठवला होता. म्हणून वाचला, आणि मग गप्प बसवेना.

मथळा ‘रोमने पोसलेला साप’. गाभा असा: पूर्व रोमन साम्राज्याने इराणपासून सिरियाचे रक्षण करायला घसानी नावाच्या भटक्या अरब टोळीला पगारावर ठेवले. ही माणसे म्हणजे तंबूत राहणारे लुटारू. रोमने त्यांच्या म्होरक्याला राजा केले, तो रोमच्या तालावर नाचणारा बाहुला. ५३१ साली कॅलिनिकमच्या लढाईत याच बाहुल्याने ऐन वेळी पळ काढून थोर सेनापती बेलिसारियसचा घात केला. ख्रिस्ती धर्म नावापुरता, आतून देवीला नरबळी चालूच. आणि ६३६ साली यार्मूकच्या रणात त्यांनी बाजू बदलली, त्या एका फितुरीने सिरिया कायमचा गेला. शेवटी हात जोडलेले चिन्ह आणि ‘सीमेवर परका ठेवू नये’ हा बोध.

घसानी होते, ते अरब होते आणि रोमकडून पैसे घेत होते, इथवर मजकूर बरोबर आहे. पुढचे एकेक घेतो. काही मुद्दे पटकन संपतील. फितुरीच्या आरोपाला जागा लागेल, कारण तो आरोप कोणी केला हे मजकुरात कुठेच नाही आणि खरी मेख तिथे आहे.

आधी ही माणसे कोण ते. घसान हे टोळीचे नाव. परंपरेप्रमाणे ती अज्द या मोठ्या कुळाची शाखा, यमनमधून उत्तरेला सरकलेली. मारिबचे धरण फुटले म्हणून निघाली, अशी कथा अरबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. त्यांचे राजघराणे जफना या पूर्वजाच्या नावाने ओळखले जाते. ५०२च्या सुमारास सम्राट अनास्तासियसच्या काळात रोमशी त्यांचा करार झाला. रोमला ही रीत नवी नव्हती. आधी तनुख आणि मग सालिह या टोळ्यांनी हेच काम केले होते. चौथ्या शतकात तर माविया नावाच्या अरब राणीने रोमशी बिनसल्यावर सरहद्दीवरच्या फौजांना पळता भुई थोडी केली, आणि तह करताना अट घातली की आमचा बिशप आम्ही म्हणू तोच. सम्राटाने ती मान्य केली.

‘मांडलिक’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खंडणी भरणारा राजा येतो. इथे पैसा उलट्या दिशेने वाहत होता. रोम सोने आणि धान्य देत होते, घसानी घेत होते. आपल्याकडच्या तैनाती फौजेत दुबळा राजा बलवानाच्या फौजेचा खर्च उचलत असे. इथे बलवान साम्राज्य दुसऱ्याच्या घोडदळाचा खर्च उचलत होते. कोणाला कोणाची गरज होती, ते यावरून ताडता येते.

आता पहिला मुद्दा, ‘तंबूत राहणारे लुटारू’. तंबू होतेच. गोलानच्या पठारावरची जाबिया ही त्यांची मुख्य जागा मुळात मोठी छावणीच होती. पण दमास्कसच्या ईशान्येला दुमैर इथे अल-मुंधिर या घसानी राजाने बांधलेल्या बुरुजाचा ग्रीक शिलालेख सापडला आहे आणि त्यात त्याच्या नावामागे रोमन सरदाराची बिरुदे आहेत. रुसाफा या तीर्थाच्या गावी, उत्तरेच्या तटाबाहेर, एक कोरीव दगडी इमारत उभी आहे. तिच्यावर ‘अलामुंदारोसचे भाग्य विजयी’ या अर्थाचा ग्रीक लेख आहे. अलामुंदारोस म्हणजे हाच मुंधिर. ती इमारत चर्च होती की दरबार भरवायची जागा, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला दोन्ही एकाच वेळी शक्य वाटते: तिथल्या संत सर्गियसच्या यात्रेला टोळ्या जमत, आणि टोळ्या जमल्या की राजकारण होतेच.

उलट टोकाची अतिशयोक्तीही टाळायला हवी. नंतरच्या अरबी याद्या प्रत्येक घसानी राजाच्या नावावर दोन-चार महाल लिहून मोकळ्या होतात. बोस्त्रा आणि दमास्कस ही शहरे रोमन अधिकाऱ्यांच्याच ताब्यात होती. घसानी राजाची सत्ता माणसांवर होती. कुरणांवर, विहिरींवर, वाटांवर. त्याचे रोमन पदही तेच सांगते: फिलार्क, म्हणजे टोळीचा प्रमुख. नकाशावर रंग भरून ‘घसानी राज्य’ दाखवणारी चित्रे पाहिली की मला त्या मजकुराइतकाच राग येतो.

‘बाहुला’ या शब्दाकडे येऊ. ५२९च्या आसपास सम्राट जस्टिनियनने अल-हारिस इब्न जबला याला बऱ्याच टोळ्यांचा प्रमुख नेमले आणि राजाचा दर्जा दिला. कारण सरळ होते. इराणच्या बाजूने हीरा इथल्या लखमी घराण्याचा राजा होता, त्याचेही नाव अल-मुंधिर. (मुंधिर दोन आहेत, एक इराणचा लखमी, दुसरा रोमचा घसानी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) हा लखमी मुंधिर वाळवंटातून अचानक येई, गावे लुटी, माणसे पकडून नेई, आणि रोमन फौज जमेपर्यंत दिसेनासा होई. सरहद्दीवरच्या रोमन अधिकाऱ्यांना त्याचा माग लागत नसे. त्याला अडवायला त्याच्यासारखाच, वाळवंट पायाखालचे असलेला माणूस हवा होता.

तो माणूस सांगकाम्या होता का? ५३९ साली पालमिराच्या दक्षिणेकडच्या कुरणांवरून हारिस आणि लखमी मुंधिर यांच्यात वाद पेटला. त्या भागाला स्त्राता म्हणत. हारिसचा युक्तिवाद मजेदार आहे: स्त्राता हा लॅटिन शब्द, अर्थ फरसबंदी वाट, तेव्हा नावच सांगते की जमीन रोमची. मुंधिर म्हणाला, नाव कोणाचेही असो, इथे चरणाऱ्या कळपांची चराई मी वर्षानुवर्षे घेत आलो आहे. सातबारा एकाचा आणि वहिवाट दुसऱ्याची, हा खटला आपल्याला शिकवायला नको. सम्राटाने दोन अधिकारी धाडले, त्यांचे एकमत होईना, आणि इराणच्या खुस्रौने तेच निमित्त करून ५४०मध्ये स्वारी केली आणि अँटिऑक जाळले. चराईच्या भांडणाने दोन साम्राज्ये रणात उतरली, असे म्हणणे थोडे जास्त होईल, कारण खुस्रौला निमित्तच हवे होते. पण बाहुल्यांच्या भांडणाचे असे निमित्त होत नसते.

याहून बोलका पुरावा यमनमधला आहे. मारिबच्या धरणाची दुरुस्ती करून तिथला राजा अब्रहा याने ५४८च्या सुमारास एक लांबलचक शिलालेख कोरवला. त्यात कोणाकोणाचे दूत आले ते लिहिले आहे: हबशी राजाचे, रोमच्या राजाचे, इराणच्या राजाचे, मग मुंधिरचे, हारिस इब्न जबलाचे, आणि हारिसचा भाऊ अबू करिब याचे. सम्राटाचा दूत वेगळा आणि हारिसचा वेगळा. यजमानाने दोघांची वेगळी नोंद घेणे योग्य मानले. आणि जे धरण फुटल्यामुळे आपले पूर्वज निघाले असे घसानी सांगत, त्याच धरणाच्या दगडावर त्यांच्या राजाचे नाव आहे, हे मला फार आवडते.

मात्र पैसा रोमचा होता आणि तो आटला की राजाची पत उतरत असे, हेही खरे. हारिस स्वतंत्र नव्हता. तो दोघांनाही सोयीच्या सौद्यातला एक पक्ष होता, आणि सौदा कधी कधी फाटतो.

आता कॅलिनिकम. १९ एप्रिल ५३१, ईस्टरच्या आदला दिवस, युफ्रातिसचा काठ. इराणी फौज लखमी अरबांसह लुटीच्या स्वारीवरून परत निघाली होती आणि बेलिसारियस तिच्या मागावर होता. त्याला लढाई नको होती. शत्रू जातोच आहे तर जाऊ द्या, असे त्याचे मत. सैनिकांनी गलका करून लढाई मागितली. ईस्टरआधीचा उपास धरून, उपाशीपोटी फौज उभी राहिली. हारिसचे अरब उजव्या बगलेला होते, डाव्या बाजूला नदी. दिवसभर अटीतटीची झुंज झाल्यावर इराणी घोडदळाने उजवी बगल फोडली आणि रोमन फौज नदीकडे रेटली गेली.

फोडली की फोडू दिली? मजकुराचा सगळा आरोप इथे आहे, आणि तो येतो त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस याच्याकडून. प्रोकोपियस लिहितो की अरब जवळजवळ न लढताच मागे हटले, इतके की त्यांनी रोमनांना विकले अशी वदंता झाली. बेलिसारियस मात्र घोड्यावरून उतरून पायदळाबरोबर अंधार पडेपर्यंत झुंजला. वाचताना अंगावर काटा येतो. फक्त एवढे ध्यानात घ्यावे की प्रोकोपियस हा बेलिसारियसचा चिटणीस होता. पगार त्याचा, दौत-लेखणी त्याची, छावणी त्याची.

त्याच लढाईची दुसरी हकीकत अँटिऑकच्या मलालास या बखरकाराने लिहिली आहे. तीत आधी अप्स्काल नावाचा रोमन बाजूचा नायक शत्रूत घुसून पडतो. ते पाहून फ्रिजियाच्या तुकड्या पळतात. त्यांच्याबरोबर काही अरबही पळतात, पण हारिस उरलेल्यांना घेऊन लढत राहतो. फिलार्कांच्या फितुरीमुळे अरब पळाले असे काहींना वाटल्याचे मलालास नोंदवतो, लपवत नाही. आणि बेलिसारियस? मलालासच्या हकिकतीत तो आपले निशाण घेऊन नावेत बसतो आणि नदीपार होतो. घोड्यावरून उतरून अखेरपर्यंत लढणारे दोन सरदार तिथेही आहेत, पण त्यांची नावे सुनिकास आणि सिम्मास. लढाईनंतर सम्राटाने चौकशीला माणूस धाडला आणि बेलिसारियसला पूर्वेच्या सेनापतिपदावरून दूर केले, हेही मलालास सांगतो. चिटणीस महाशय म्हणतात, त्याला दुसऱ्या मोहिमेसाठी बोलावून घेतले.

नाचता येईना, अंगण वाकडे. अंगण अरब होते म्हणून जास्तच वाकडे.

मलालासचे सगळे खरे असे मी म्हणत नाही. त्याच्यापुढे बेलिसारियसवर नाराज असलेल्या कोणाचे टिपण असावे, अशी शंका अभ्यासकांना आहे आणि ती रास्त आहे. पण दोन साक्षीदार आणि दोन्हींची साक्ष परस्परविरोधी, अशा खटल्यात एकाचीच साक्ष घेऊन फाशी देणारा मजकूर इतिहास म्हणून पुढे पाठवता येत नाही. आणि प्रोकोपियसलाही स्वतःच्या आरोपाची खात्री नव्हती. हारिसला राजा केल्याचे सांगताना तो म्हणतो की हा एक तर कमालीचा कमनशिबी होता किंवा संधी मिळताच फितूर होई. आणि लगेच जोडतो की त्याच्याबद्दल अजून आपल्याला नक्की काही ठाऊक नाही. हे पुढचे वाक्य दीड हजार वर्षे गाळले जात आहे.

५४१च्या मोहिमेचे उदाहरणही कधी कधी पुढे केले जाते. बेलिसारियसने हारिसला तिग्रिसपलीकडे लुटीला धाडले, त्याने भरपूर लूट मिळवली आणि वाटणी द्यावी लागू नये म्हणून परत फिरकलाच नाही, असे प्रोकोपियस लिहितो. लोभ शक्य आहे, हारिस कोणी संत नव्हता. पण त्या स्वारीत त्याच्याबरोबर बेलिसारियसचे स्वतःचे बाराशे लोक होते, बहुतेक खाशा पथकातले, त्राजान आणि योहान या त्याच्याच सरदारांच्या हाताखाली. तेही बेलिसारियसकडे न येता दुसऱ्या वाटेने घरी गेले. त्यांना मात्र कोणी फितूर म्हटले नाही.

नरबळीच्या मुद्द्याला आता हात घालतो, कारण तो याच साक्षीला जोडलेला आहे. ‘घसानी राजा मुंधिर देवीला नरबळी देई’ हे वाक्य वाचून मी कपाळाला हात लावला. दोन मुंधिरांचा घोळ इथे झाला आहे. बळी देणारा लखमी मुंधिर, इराणचा दोस्त. ५४५च्या तहानंतरही रोम आणि इराण शांत असताना हे दोन अरब राजे आपापसांत लढतच होते. अशाच एका छाप्यात घोडे चारत असलेला हारिसचा मुलगा मुंधिरच्या हाती सापडला आणि त्याने त्याला ॲफ्रोडाइटीला बळी दिले. ॲफ्रोडाइटी हे ग्रीक लेखकाने दिलेले नाव, अरबांची ती अल-उज्झा असावी. म्हणजे ज्या घराण्यावर मजकूर बळी देण्याचा आळ घेतो, त्या घराण्याचा मुलगाच बळी गेला होता.

ही घटना सांगतो कोण? पुन्हा प्रोकोपियस. आणि तो पुढे लिहितो की हारिस रोमनांना इराण्यांच्या हाती देत नव्हता, हे यावरून कळून आले. आरोप करणाऱ्यानेच आरोप मागे घेतला. त्यासाठी हारिसला एक मुलगा गमवावा लागला. दुसरा मुलगा, जबला, त्याने ५५४ साली खाल्किसजवळच्या लढाईत गमावला. त्याच लढाईत लखमी मुंधिर मारला गेला आणि रोमची पन्नास वर्षांची डोकेदुखी संपली. त्या दिवशी जिंकणारी फौज हारिसची होती.

‘नावाचे ख्रिस्ती’ हा भागही टिकत नाही. अडचण उलटीच होती, ते फारच ख्रिस्ती होते. ख्रिस्तात देव आणि माणूस अशी दोन स्वरूपे की दोन्ही मिळून एकच, या प्रश्नावर ४५१च्या काल्केदोन धर्मसभेपासून पूर्वेचे चर्च दुभंगले होते. सम्राट दोन स्वरूपांच्या बाजूचा, घसानी एकाच्या. त्या पंथाचे बिशप पकडले जात, हद्दपार होत, दीक्षा द्यायलाही कोणी उरले नव्हते. ५४२च्या सुमारास हारिसने सम्राज्ञी थिओडोराकडे बिशप मागितले. तिच्या आशीर्वादाने याकोब आणि थिओडोर या दोघांना दीक्षा मिळाली. हा याकोब घोड्याच्या झुलीसारख्या फाटक्या कांबळ्यात वेष पालटून सिरिया-आशिया मायनर पालथा घालत फिरला, शेकडो पाद्री नेमत गेला आणि मोडत आलेला पंथ पुन्हा उभा केला. बारादाई हे त्याचे टोपणनाव त्या कांबळ्यावरूनच पडले. केरळात ज्यांना याकोबाय सुरियानी म्हणतात, त्यांचे नाव याच याकोबावरून आले आहे. एका अरब फिलार्कचा अर्ज नसता तर कोट्टयमच्या चर्चच्या पाट्या वेगळ्या दिसल्या असत्या, असे म्हणायला हरकत नाही.

आता मजकुराने जे सांगितलेच नाही ते. माझ्या मते घसान्यांच्या कथेचा कणा हाच आहे.

हारिस ५६९ साली वारला. मुलगा अल-मुंधिर (घसानी) गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी त्याने लखमींना सपाटून मारले. मग त्याने सम्राट दुसऱ्या जस्टिनकडे फौजेसाठी सोने मागितले. जस्टिनला याचा इतका संताप आला की त्याने मुंधिरचा काटा काढायचे ठरवले. इफिससचा योहान हा त्या काळचा चर्चचा इतिहासकार ही हकीकत सांगतो. सम्राटाने दोन पत्रे लिहिली: एक सेनापती मार्कियनला, की मुंधिर भेटायला येईल तेव्हा त्याचे डोके उडव; दुसरे मुंधिरला, की मार्कियनला भेटायला जा. पत्रांची अदलाबदल झाली. मुंधिरने स्वतःच्याच मृत्यूचा हुकूम वाचला.

त्याने काय केले असेल? मजकुराच्या हिशेबाने त्याने इराणला मिळायला हवे होते. तो मिळाला नाही. तो आपली माणसे घेऊन वाळवंटात निघून गेला आणि तीनेक वर्षे रोमसाठी लढला नाही. तेवढ्यात काय झाले ते पाहा. ५७३मध्ये इराण्यांनी सिरियात घुसून अपामिया लुटले आणि दारा हा सरहद्दीवरचा रोमचा सर्वांत भक्कम किल्ला घेतला. दारा पडल्याच्या धक्क्याने जस्टिनचे डोके फिरले. वेडाच्या झटक्यात तो आरडाओरडा करू लागला की हुजरे त्याला म्हणत, ‘गप्प बसा, हारिस येतो आहे!’ आणि सम्राट गप्प होऊन लपे. तोवर हारिसला जाऊन पाच-सहा वर्षे झाली होती. आपल्याकडे मुलांना बागुलबुवा दाखवतात. रोमच्या राजवाड्यात मेलेला अरब राजा दाखवत.

५७५च्या सुमारास मुंधिरनेच निरोप धाडला, रुसाफात संत सर्गियसच्या थडग्याशी रोमन सेनापतीला भेटून समेट केला, आणि लगेच लखमींची राजधानी हीरा गाठून ती जाळली. चर्चेस सोडून. ५८० साली सम्राट तिबेरियसने त्याला राजधानी कॉन्स्टँटिनोपलला बोलावून मुकुट दिला. योहान मुद्दाम सांगतो की आधीच्या अरब प्रमुखांना साधे शिरपट्ट मिळत, हा खरा मुकुट होता.

मग थोड्याच काळात मॉरिस नावाचा सेनापती, पुढचा सम्राट, मुंधिरला घेऊन इराणच्या राजधानीवर निघाला. वाटेत पूल तोडलेला आढळला. मोहीम फसली, आणि खापर फोडायला डोके शेजारीच होते. मुंधिरने इराण्यांना आधी कळवले, असे मॉरिसने दरबारात सांगितले. पूल तोडण्यासाठी फितूर लागतो असे नाही. हजारोंची फौज नदीकाठाने येत असेल तर धूळच बातमी देते. कॅलिनिकमचा पाठ पन्नास वर्षांनी पुन्हा वाचला गेला.

इथे एक सांगायला हवे. योहान मुंधिरच्या पंथाचा होता आणि त्याची बाजू घेतो. एव्हाग्रियस हा विरुद्ध पंथाचा लेखक मुंधिरला दोषी धरतो. पूल कोणामुळे तुटला यावर पैज लावू नये. पण पुढे काय झाले यात गोंधळ नाही.

मॅग्नस नावाचा बडा दरबारी मुंधिरचा मित्र आणि पाठीराखा होता. त्याने हुव्वारिन या गावी चर्च बांधले आणि त्याच्या प्रतिष्ठापनेला मित्राला बोलावले. मोठा लवाजमा कशाला, असे म्हणून फौज परत पाठवायला लावली आणि मग रोमन शिपायांकरवी त्याला पकडले. चर्चच्या समारंभात, मित्राच्या हातून. मुंधिर कॉन्स्टँटिनोपलला गेला तो कैदी म्हणून, आणि ५८२मध्ये मॉरिस सम्राट झाल्यावर त्याला सिसिलीला हद्दपार केले गेले. मुलगा नुमान भावांना घेऊन रोमन मुलखावर तुटून पडला, बोस्त्राला वेढा घातला. काही काळाने तो बोलणी करायला राजधानीत गेला, तर त्यालाही अटक. नंतरचा सिरियन इतिहासकार मिखाएल लिहितो की घसान्यांची आघाडी पंधरा प्रमुखांत फुटली आणि त्यांतले बरेच इराणला जाऊन मिळाले.

फितुरी कोणी कोणाशी केली, हे मोजायचेच असेल तर मोजा. माझ्या यादीत एका बाजूला एक पळ (वादग्रस्त), एक लूट (शक्य), एक तुटलेला पूल (अनिश्चित) आहे. दुसऱ्या बाजूला खुनाचे लेखी फर्मान, दोन अटका आणि एक हद्दपारी.

राहिले यार्मूक. ऑगस्ट ६३६, एका बाजूला रोमन फौज, दुसऱ्या बाजूला मुसलमान अरबांची. घसानी राजा जबला इब्न अल-ऐहम रोमच्या बाजूने लढला, हे अरबी परंपरा सांगते. त्याने रणात बाजू बदलली, ही त्याच परंपरेतली एक कथा आहे. दुसरी कथा म्हणते की तो नंतर मुसलमान झाला, काबेच्या प्रदक्षिणेत एका साध्या माणसाचा पाय त्याच्या वस्त्रावर पडला, त्याने त्याला थप्पड मारली, खलिफा उमरने थप्पड परत खा असे सांगितले, आणि राजाचा मान तो काय म्हणून जबला रातोरात रोमन मुलखात पळाला. कथा सुरेख आहेत. पण त्या लिहिल्या गेल्या दोनेक शतकांनी, आणि एकमेकींत बसत नाहीत. यार्मूकला रोमशी फितुरी केलेला माणूस नंतर आश्रयाला रोमकडेच पळतो, हे मजकूर लिहिणाऱ्याला खटकले नाही.

समजा, बाजू बदलली. तरी सिरिया त्यामुळे गेला असे म्हणायला त्या वेळी घसान्यांचे बळ काही उरलेले असायला हवे. ते ५८०च्या दशकातच रोमने मोडले होते. त्यानंतर सिरिया लगेच नाही, तर पन्नासेक वर्षे उलटल्यावर गेला: मधे प्लेगच्या लाटा येत राहिल्या, ६१३पासून पंधरा वर्षे तो इराणच्या ताब्यात होता, हेराक्लियसने तो परत मिळवला तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. थिओफानेस हा नंतरचा ग्रीक बखरकार एक प्रसंग सांगतो. वाळवंटाच्या वाटा राखणारे काही अरब थोड्याशा नेमणुकीवर रोमचे काम करत होते. पगार वाटायला आलेल्या अधिकाऱ्याकडे त्यांनी नेहमीप्रमाणे आपले मागितले. तो म्हणाला, सम्राटाला शिपायांचा पगार देता देता नाकी नऊ येतात, या कुत्र्यांना कुठून देऊ? ते अरब उठून आपल्या जातभाईंकडे गेले आणि त्यांना गाझाकडची वाट दाखवली. हे घसानी होते असे थिओफानेस म्हणत नाही, म्हणून मीही म्हणत नाही. पण वाटाडे कोणाच्या तोंडामुळे गेले, ते त्याने लिहून ठेवले आहे.

शेवटचा मुद्दा छोटा आहे, मजकुराबरोबरचे चित्र. गुलाबी कड्यात कोरलेला तो दर्शनी भाग पेट्राचा आहे, आणि पेट्रा घसान्यांचे नव्हे. हारिसचा भाऊ अबू करिब याचे नाव तिथल्या चर्चमध्ये १९९३ साली सापडलेल्या जळक्या पपायरसांत एका घराच्या वादात येते, संबंध एवढाच. ते कोरीव काम नबाती राजांच्या काळातले. तेही रोमचे अरब मांडलिक, आणि त्यांचे राज्य सम्राट त्राजानने १०६ साली खालसा केले. त्या वर्षापासून रोमनांनी अरेबिया प्रांताचा नवा शक सुरू केला.

दमास्कसच्या पूर्वेला जबल उसैस नावाचा विझलेला ज्वालामुखी आहे. तिथल्या काळ्या दगडावर हारिसच्या एका शिपायाने चार ओळी खरडल्या आहेत, अरबी लिपीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. राजा हारिसने मला उसैसच्या चौकीवर पाठवले, असे तो लिहितो, आणि खाली साल घालतो: ४२३. आपल्या हिशेबाने ५२८-२९. तो मोजत होता नबात्यांचे राज्य रोमने गिळले त्या वर्षापासून.